विश्लेषण : पाच विजेतेपदे, ३८ वर्षांची प्रतीक्षा… इंडियानाचे बास्केटबॉलवेडे चाहते एवढे वैतागले का?

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचा २०२५-२६चा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. इंडियाना विद्यापीठाचे खेळाडू लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या विजारी घालून ब्लूमिंग्टनच्या असेंब्ली हॉलमध्ये पुन्हा सरावाला उतरले. या सभागृहात राष्ट्रीय विजेतेपदाच्या पाच पताका टांगलेल्या आहेत : १९४०, १९५३, १९७६, १९८१ आणि १९८७. सहावीची वाट पाहण्यात दोन पिढ्या गेल्या. यंदा प्रशिक्षक नवे आणि शिष्यवृत्तीवरचे जवळपास सगळे खेळाडूही नवे. त्यातच ज्या फुटबॉल संघाकडे या विद्यापीठात कुणी ढुंकूनही पाहत नसे, तो सध्या देशात गाजतो आहे. त्यामुळे इंडियानाच्या बास्केटबॉल चाहत्याची अवस्था मोठी विचित्र झाली आहे. घरातल्या दुसऱ्या मुलाचे कौतुक होत असताना आनंदही होतो आणि पोटात दुखतेही, तशी काहीशी.

कॉलेजच्या संघासाठी एवढा जीव का टाकतात?

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा निकाल आतल्या पानावर दोन ओळींत छापून आला तरी पुष्कळ. अमेरिकेत कॉलेजचा संघ हा त्या अख्ख्या मुलखाचा संघ असतो. त्याच्यासाठी घसा कोरडा करणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्या विद्यापीठाची पायरीही चढलेली नसते. आजोबांनी पाठिंबा दिला, वडिलांनी दिला, म्हणून नातूही देतो.

इंडियानात तर हे वेड अधिकच. बास्केटबॉलचा जन्म १८९१मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डचा, पण तो वाढला आमच्या अंगणात, असे इथले लोक छातीठोकपणे सांगतात. मका-सोयाबीनची शेती, लांबलेला हिवाळा आणि पाच पोरे जमली की तयार होणारा संघ, यामुळे गावागावांतल्या शाळांत हा खेळ रुजला. १९५४मध्ये मायलन या खेड्यातल्या, जेमतेम १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने बलाढ्य मन्सी सेंट्रल शाळेला ३२-३० असे हरवून राज्य विजेतेपद पटकावले. बॉबी प्लम्पने अखेरच्या क्षणी टाकलेला तो बास्केट आजही तिथे सांगितला जातो. या घटनेवर बेतलेला ‘हूजियर्स’ हा चित्रपट १९८६मध्ये आला. हूजियर म्हणजे इंडियानाचा रहिवासी. विद्यापीठाच्या संघाचे नावही तेच.

कॉलेज बास्केटबॉलचा कळस म्हणजे मार्चमध्ये होणारी एनसीएए स्पर्धा, अर्थात ‘मार्च मॅडनेस’. सर्वोच्च श्रेणीतील साडेतीनशेहून अधिक संघांपैकी फक्त ६८ संघांना तिथे प्रवेश मिळतो. त्यातले ३१ आपापल्या विभागीय संघटनांचे विजेते म्हणून थेट येतात. उरलेल्या ३७ जणांना निवड समिती बोलावते. एक सामना हरला की संघ घरी. ज्या रविवारी ही यादी जाहीर होते, त्या रविवारी दूरचित्रवाणीसमोर बसून आपल्या संघाचे नाव येण्याची वाट पाहणे, हा इंडियानाच्या चाहत्याचा अलीकडचा वार्षिक छळ आहे. २०१६ नंतर झालेल्या आठ स्पर्धांपैकी फक्त दोनमध्ये त्याच्या संघाचे नाव आले.

बॉब नाइट यांच्या सावलीतून संघ बाहेर का पडत नाही?

मुंबईच्या क्रिकेट चाहत्याने कल्पना करून पाहावी. ४२ वेळा रणजी करंडक जिंकलेल्या मुंबईला दोन विजेतेपदांमध्ये आठ वर्षे थांबावे लागले, तर मैदानांवर आणि स्तंभांमधून ‘खडूस’पणा कुठे हरवला याची चर्चा सुरू झाली होती. इंडियाना ३८ वर्षे थांबली आहे. आणि तिथल्या ‘खडूस’पणाला एका माणसाचे नाव आहे, बॉब नाइट.

नाइट १९७१मध्ये ब्लूमिंग्टनला आले आणि २९ हंगाम राहिले. या काळात ६६२ विजय, बिग टेन या संघटनेची ११ विजेतेपदे आणि तीन राष्ट्रीय विजेतेपदे. १९७६चा त्यांचा संघ ३२ सामने खेळला आणि एकही हरला नाही. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्यानंतर एकाही विजेत्याला अपराजित राहता आलेले नाही. २०१५मध्ये केंटकी उपांत्य सामन्यापर्यंत आणि २०२१मध्ये गोन्झागा अंतिम सामन्यापर्यंत एकही सामना न हरता पोहोचले, आणि दोघेही तिथेच अडखळले. असा एखादा संघ हरतो तेव्हा इंडियानात अनेक घरांत हळूच समाधानाचा सुस्कारा सुटतो. स्वतःच्या संघाकडून आनंद मिळत नसला की माणूस असा दुसऱ्याच्या पराभवात तो शोधतो.

नाइट यांची पद्धत कडक होती. खेळाडूंच्या गणवेशावर नाव नाही, कारण नाव छातीवर असते ते विद्यापीठाचे. खेळाडूंनी वर्गात बसायचे आणि पदवी घ्यायची. आक्रमणात पाचही जणांनी सतत हलत राहायचे, चेंडू फिरवायचा आणि मोकळ्या साथीदाराला शोधायचे. संघाचा कणा राज्यातल्या आणि शेजारच्या मुलांचा. चाहत्यांनी या पद्धतीला जवळजवळ धर्माचे स्थान दिले.

त्याच माणसाने २३ फेब्रुवारी १९८५ रोजी पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात पंचांवर चिडून लाल खुर्ची उचलून मैदानावर भिरकावली. ती चित्रफीत आजही फिरते. खेळाडूंवर ओरडणे, अपमान करणे हे तर रोजचेच. २०००मध्ये सरावादरम्यान एका खेळाडूच्या गळ्यावर हात टाकल्याची चित्रफीत बाहेर आली. विद्यापीठाने शेवटची संधी दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, एका विद्यार्थ्याशी झालेल्या प्रकारानंतर, त्यांना काढून टाकले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते नाइट यांच्या बाजूने. नाइट त्यानंतर जवळपास २० वर्षे असेंब्ली हॉलमध्ये फिरकले नाहीत. ८ फेब्रुवारी २०२० रोजी ते परतले तेव्हा थकले होते, सभागृहात रडारड झाली. सामना पर्ड्यूविरुद्धच होता आणि इंडियाना तोही हरली. नोव्हेंबर २०२३मध्ये नाइट यांचे निधन झाले.

या कहाणीतला एक तपशील चाहते सोयीस्करपणे विसरतात. १९९४ नंतर खुद्द नाइट यांचा संघही राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या फेरीपलीकडे कधी गेला नव्हता. म्हणजे उतरण त्यांच्याच काळात लागली होती. पण हकालपट्टी इतकी नाट्यमय झाली, की ‘त्यांना काढले आणि सगळे बिघडले’ ही सोपी गोष्ट मनात पक्की बसली. पुढच्या प्रत्येक प्रशिक्षकाला १९९९च्या नव्हे, १९७६च्या नाइट यांच्या फूटपट्टीने मोजण्यात आले.

मग पंचवीस वर्षांत झाले तरी काय?

नाइट यांचे सहायक माइक डेव्हिस यांनी २००२मध्ये संघाला थेट अंतिम सामन्यात नेले. मेरीलँडने ६४-५२ असे हरवले. इंडियाना शेवटच्या चार संघांत पोहोचल्याची ती अखेरची वेळ.

२००६मध्ये केल्विन सॅम्पसन आले. खेळाडूंना आपल्या विद्यापीठात ओढण्यासाठी नियमापेक्षा जास्त फोन केल्याचा ठपका त्यांच्यावर ओक्लाहोमा विद्यापीठात असतानाच होता. ब्लूमिंग्टनमध्ये त्यांनी तेच पुन्हा केले आणि फेब्रुवारी २००८मध्ये त्यांना जावे लागले. हंगाम संपेपर्यंत संघ विस्कटला होता. काही वर्षांनी एनसीएएने फोनवरची ती मर्यादाच काढून टाकली. सॅम्पसन यांनी पुढे ह्यूस्टन विद्यापीठाला २०२५च्या अंतिम सामन्यात नेले. इंडियानाच्या चाहत्याला हे आठवून देऊ नये.

टॉम क्रीन यांनी २००८मध्ये अक्षरशः राखेतून सुरुवात केली. पहिल्या हंगामात सहा विजय, २५ पराभव. तीन वर्षांनी, १० डिसेंबर २०११ रोजी, ख्रिश्चन वॉटफर्डने अखेरच्या क्षणी तीन गुणांचा बास्केट टाकून देशात अव्वल असलेल्या केंटकीला ७३-७२ असे हरवले आणि हजारो प्रेक्षक मैदानात घुसले. या पिढीच्या चाहत्यांकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली मोठी आठवण म्हणजे हीच. क्रीन यांनी २०१३ आणि २०१६मध्ये बिग टेनचे विजेतेपदही मिळवले. परंतु राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या १६ संघांच्या पुढे गाडी जाईना. २०१३मध्ये अव्वल मानांकन असताना सिरॅक्यूजने घरी पाठवले. याच सिरॅक्यूजला १९८७च्या अंतिम सामन्यात कीथ स्मार्टच्या शेवटच्या फेकीवर ७४-७३ असे हरवून इंडियानाने पाचवी पताका मिळवली होती. २०१७मध्ये क्रीन गेले. त्यांना काढण्याची घाई झाली, असे आता मागे वळून पाहताना वाटते. तेव्हा मात्र बहुतेकांना हायसे वाटले होते.

आर्ची मिलर यांच्या चार वर्षांत संघ एकदाही राष्ट्रीय स्पर्धा खेळला नाही. २०२०मध्ये संधी होती, पण करोनामुळे स्पर्धाच रद्द झाली. २०२१मध्ये त्यांचा करार मोडण्यासाठी एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली आणि ती देणगीदारांनी उभी केली. प्रशिक्षकाने ‘जावे’ म्हणून लोकांनी एवढे पैसे काढून द्यावेत, यावरून वैतागाची खोली कळते.

‘आपला माणूस’ आणूनही फरक का पडला नाही?

मिलर यांच्यानंतर विद्यापीठाने चाहत्यांच्या मनातले केले. माइक वुडसन हे इंडियानापोलिसचे. १९७६ ते १९८० या काळात नाइट यांच्या हाताखाली खेळलेले, पुढे एनबीएमध्ये अटलांटा आणि न्यूयॉर्क संघांचे मुख्य प्रशिक्षक राहिलेले. घरचा माणूस घराची रीत परत आणेल, अशी आशा होती.

सुरुवात चांगली झाली. पर्ड्यूकडून सलग नऊ सामने हरल्यानंतर जानेवारी २०२२मध्ये इंडियानाने ६८-६५ असा विजय मिळवला. निर्णायक तीन गुण टाकणारा रॉब फिनिसी हा पर्ड्यूच्या दारातल्या लाफायेत शहराचा मुलगा. ब्लूमिंग्टनमध्ये त्या रात्री कुणी लवकर झोपले नसावे. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला. पण पुढे गाडे रुतले. जग तीन गुणांच्या रेषेबाहेरून खेळू लागले असताना वुडसन यांचे संघ बास्केटजवळ दोन उंच खेळाडू उभे करून खेळत राहिले. लांबून फेकी टाकण्याच्या बाबतीत ते देशात तळाच्या गटात असत. जानेवारी २०२५मध्ये आयोवा आणि इलिनॉय यांच्याकडून लागोपाठ दोन सामने प्रत्येकी २५ गुणांनी हरल्यावर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि वुडसन यांना काढण्याच्या घोषणा दिल्या. फेब्रुवारीत त्यांनी हंगामाअखेर पायउतार होण्याचे जाहीर केले.

चाहत्यांचा राग पराभवांइतकाच या गोष्टीवर होता, की पैसा कमी पडला असे कुणी म्हणू शकत नव्हते. २०२४-२५चा संघ दुसऱ्या विद्यापीठांतून नावाजलेले खेळाडू आणून बांधलेला होता. तो १९ सामने जिंकला, १३ हरला आणि मार्चमधल्या त्या रविवारी ६८च्या यादीतून अगदी थोडक्यात बाहेर राहिला. निवड समितीने ‘जवळ येऊन हुकलेले’ म्हणून जे चार संघ सांगितले, त्यांत इंडियाना होती. त्याच चौघांत वेस्ट व्हर्जिनियाही होती. तिचे प्रशिक्षक होते डॅरियन डीव्हरीज. दोन दिवसांनी इंडियानाने त्यांचीच नेमणूक केली.

खेळाडूंच्या बाजारपेठेने गणित कसे बदलले?

नाइट यांच्या काळात १८ वर्षांचा मुलगा यायचा आणि चार वर्षे राहायचा. चाहता त्याला पहिल्या वर्षी अडखळताना पाहायचा आणि चौथ्या वर्षी संघ जिंकवताना. नात्यासाठी तेवढा अवधी पुरेसा असे. दुसऱ्या विद्यापीठात गेल्यास एक वर्ष बसून काढावे लागे, त्यामुळे जाणारेही थोडे असत.

हे तीन टप्प्यांत बदलले. २०१८मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ आले, म्हणजे बदली हवी असलेल्या खेळाडूंची नोंदवही. जुलै २०२१पासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरू देऊन पैसे कमावण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी एकदा आणि २०२४पासून कितीही वेळा, वर्ष न गमावता विद्यापीठ बदलता येऊ लागले. शेवटचा टप्पा जून २०२५चा. न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६साठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर आहे. ही रक्कम सर्व खेळांत वाटायची असते आणि बहुतेक मोठ्या विद्यापीठांत सिंहाचा वाटा फुटबॉलला जातो.

यात खेळाडूंवर अन्याय होत होता तो दूर झाला, हे मान्यच करायला हवे. त्यांच्या घामावर वाहिन्या आणि विद्यापीठे कोट्यवधी कमावत होती आणि त्यांना पदवीपलीकडे काही मिळत नव्हते. पण चाहत्याचे काय? दर एप्रिलमध्ये त्याचा संघ रिकामा होतो आणि जूनपर्यंत नव्या नावांनी भरतो. आयपीएलच्या महालिलावानंतर आपला लाडका खेळाडू दुसऱ्याच रंगात दिसतो तेव्हा आपल्यालाही चुटपुट लागते. तो लिलाव तीन वर्षांनी होतो. इथे तो दरवर्षी, आणि बोली पडद्याआड.

त्यात मीठ चोळणारा शेजारी आहेच. पर्ड्यूचे मॅट पेंटर २००५पासून त्याच पदावर आहेत. त्यांच्या संघातील ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर, ट्रे कॉफमन-रेन हे तिघेही इंडियाना राज्यातले. तिघेही पहिल्या वर्षापासून तिथेच राहिले आणि आता शेवटच्या वर्षात आहेत. म्हणजे घरची मुले आणायची, चार वर्षे घडवायची ही नाइट यांची रीत आज पाळतो आहे तो त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी. पर्ड्यूने एनसीएएचे विजेतेपद अद्याप एकदाही जिंकलेले नाही. २०२४मध्ये ते अंतिम सामन्यात कनेटिकटकडून हरले. तोवर इंडियानाचा चाहता ‘आमच्या पाच, तुमच्या शून्य’ एवढे बोलून वाद मिटवू शकतो. अलीकडे त्याच्याकडे दुसरा मुद्दा नसतो.

फुटबॉल संघाने सबब कशी हिरावून घेतली?

इंडियानाचा फुटबॉल संघ २०२४पर्यंत कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत इतिहासात सर्वाधिक सामने हरलेला संघ म्हणून ओळखला जाई. बास्केटबॉल सुरू होईपर्यंत वेळ घालवण्याचे साधन, एवढीच त्याची किंमत. २०२३मध्ये तीन विजय आणि नऊ पराभव पदरी पडल्यावर कर्ट सिग्नेटी या साठी ओलांडलेल्या प्रशिक्षकांना जेम्स मॅडिसन या तुलनेने लहान विद्यापीठातून आणण्यात आले. डिसेंबर २०२३च्या सुरुवातीला असेंब्ली हॉलमधल्या बास्केटबॉल सामन्यात त्यांची ओळख करून देण्यात आली, तेव्हा माइक हातात घेऊन त्यांनी पर्ड्यू, मिशिगन आणि ओहायो स्टेट या तिघांचाही जाहीर उद्धार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण गांभीर्याने फारसे कुणी घेतले नाही. पुढे पत्रकारांनी विचारले तेव्हा त्यांचे उत्तर होते, मी जिंकतो, गूगल करून पाहा.

२०२४मध्ये संघ ११ सामने जिंकला, पर्ड्यूला ६६-० असे चिरडले आणि पहिल्यांदाच राष्ट्रीय बाद फेरीत गेला. यंदाच्या हंगामात ऑक्टोबरमध्ये ओरेगनला त्यांच्याच मैदानात ३०-२० असे हरवून क्रमवारीत देशात दुसऱ्या स्थानापर्यंत मजल मारली. विद्यापीठाने सिग्नेटी यांच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार केला.

हे साधले कसे? सिग्नेटी यांनी आपल्या जुन्या विद्यापीठातून डझनभराहून अधिक खेळाडू सोबत आणले. ते फार नावाजलेले नव्हते, पण त्यांची पद्धत जाणणारे आणि वयाने पोक्त होते. म्हणजे ज्या पोर्टलने बास्केटबॉलच्या चाहत्याला वात आणला, त्याच पोर्टलने शेजारच्या मैदानात चमत्कार घडवला. फरक पडला तो निवडीमुळे. आधी पद्धत ठरली, मग तिला साजेसे खेळाडू आले. बास्केटबॉलमध्ये नेमके उलट चालले होते. नावे आधी जमवली जात आणि ती एकत्र कशी खेळतील हे नंतर पाहिले जाई.

ही तुलना बास्केटबॉलवाल्यांना झोंबते. ‘काळ बदलला’, ‘छोट्या गावात आता मुले येत नाहीत’, ‘बिग टेनमध्ये १८ संघ झाले’ या सबबी एकाच विद्यापीठातला, त्याच क्रीडा संचालकाने नेमलेला दुसरा प्रशिक्षक रोज खोट्या पाडतो आहे. क्रीडा संचालक स्कॉट डॉल्सन हे विद्यार्थिदशेत नाइट यांच्या संघाचे व्यवस्थापन साहाय्यक होते. सिग्नेटी त्यांनीच आणले, वुडसनही त्यांनीच. पहिल्या निवडीमुळे त्यांना दुसरी माफ झाली. तिसऱ्या निवडीबाबत तेवढी उदारता दाखवली जाईल, असे नाही.

डीव्हरीज यांच्याकडून आशा कशामुळे?

ती तिसरी निवड म्हणजे डॅरियन डीव्हरीज. त्यांच्यात ‘आपला माणूस’ म्हणावे असे काहीच नाही, आणि बहुधा तेच त्यांचे बलस्थान. आयोवा राज्यात ते वाढले. ड्रेक या लहान विद्यापीठात त्यांनी सहा वर्षे काढली आणि सहाही हंगामांत २० किंवा अधिक विजय मिळवले. नंतर वेस्ट व्हर्जिनियात एक वर्ष. चकाकणारे नाव नाही. सिग्नेटींच्या उदयाआधी अशी नेमणूक झाली असती, तर ब्लूमिंग्टनमध्ये नाके मुरडली गेली असती. आता लोक म्हणतात, थांबा, गूगल करून पाहू.

त्यांनी बांधलेला संघही त्याच धाटणीचा आहे. मुलगा टकर डीव्हरीज ड्रेकमध्ये असताना मिसूरी व्हॅली या संघटनेचा दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. लमार विल्करसन सॅम ह्यूस्टनहून, टेटन कॉनरवे ट्रॉयहून आणि रीड बेली डेव्हिडसनहून आले. ही विद्यापीठे आपल्याकडच्या वाचकाने ऐकली नसतील, आणि खरे सांगायचे तर अनेक अमेरिकी चाहत्यांनीही त्यांचे सामने फारसे पाहिलेले नाहीत. बहुतेक खेळाडू वयाने मोठे, लांबून फेकणारे, चेंडू फिरवणारे आहेत. उंची आणि बास्केटजवळची ताकद कमी पडेल, हा धोका उघड आहे. बिग टेनसारख्या धसमुसळ्या संघटनेत जानेवारीच्या थंडीत परक्या मैदानांवर त्याची किंमत मोजावी लागू शकते. शिवाय यातले बरेच जण एकाच हंगामाचे पाहुणे आहेत. पुढच्या एप्रिलमध्ये डीव्हरीज यांना पुन्हा जवळपास शून्यातून जुळवाजुळव करावी लागेल. राज्यातला ट्रेंट सिस्ली हा नवखा मुलगा संघात आहे. तो चार वर्षे टिकला तर जुन्या चाहत्यांना ओळखीचे काहीतरी मिळेल.

अपेक्षांची पट्टी मात्र अजून जागेवर आलेली नाही. काही चाहत्यांना ६८च्या यादीत नाव आले तरी पुरे वाटते. काहींना शेवटचे १६ हवेत. असेंब्ली हॉलच्या १७ हजार २२२ आसनांत असेही बरेच जण असतात, ज्यांना पताकेपेक्षा कमी काही चालणार नाही. ते तिसऱ्या गटातले लोकच सर्वात लवकर हुर्यो उडवतात, आणि तिकिटेही तेच न चुकता काढतात. त्यांच्याशिवाय हे सभागृह प्रतिस्पर्ध्यांना एवढे धडकी भरवणारे झाले नसते, हेही तितकेच खरे.

यंदाच्या वेळापत्रकाने या सगळ्यांसाठी एक वेगळीच धाकधूक ठेवली आहे. अपराजित विजेतेपदाला २०२६मध्ये ५० वर्षे होतील. निवड समितीची यादी १५ मार्चला जाहीर होईल आणि शेवटच्या चार संघांचे सामने ४ आणि ६ एप्रिलला इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होतील. ब्लूमिंग्टनहून ते मोटारीने तासाभराच्या अंतरावर. हंगामापूर्वीच्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर एक इंडियाना राज्यातलाच संघ होता. तो संघ पर्ड्यू.